चौकट : सांडपाण्यातले नायट्रेट कसे काढतात?

नांदेडची नोंद : केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटने ग्रासलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांच्या यादीत नांदेड आहे, बीडही.

मर्यादा : पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात १० मिलिग्रॅम. दुसरी मर्यादा कडक वाटते, पण ती नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनची आहे; नायट्रेटच्या हिशेबाने सुमारे ४४. तपासणी अहवालात कोणता हिशेब धरला आहे, हे आधी पाहावे.

येते कुठून? खत, स्फोटके, नायट्रिक आम्लाने स्टील धुणारे कारखाने यांतून थेट. डिस्टिलरी, डेअरी, कत्तलखान्यांच्या पाण्यात नायट्रोजन मुख्यतः सेंद्रिय पदार्थ आणि अमोनियाच्या रूपात असतो. तिथे आधी भरपूर हवा देऊन त्याचे नायट्रेट करतात, मग ते काढतात.

गाळून निघत नाही : तुरटी, चुना, वाळूची गाळणी, कशालाच दाद नाही. उकळले तर पाणी आटून प्रमाण वाढते.

जिवाणूंचे काम : टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन जवळपास शून्यावर आणतात. जिवाणू मग श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात; नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. त्यांना खाद्य म्हणून कार्बन लागतो. सहसा मिथेनॉल, एक ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनमागे साधारण ३ ग्रॅम. साखर कारखान्याची मळीही चालते, आणि लातूर-नांदेडला तिचा तुटवडा नाही.

आरओ, आयन एक्स्चेंज : नायट्रेट नष्ट होत नाही, नुसते वेगळे होते. उरलेल्या खारट पाण्याची विल्हेवाट स्वतंत्रपणे लावावी लागते.