आधीं देणें, मग मागणें

छापलेला ग्रंथ कपाटांत धूळ खात पडावा, हें ग्रंथकाराच्या वाट्यास येणारें मोठेंच दुःख होय. त्यावर जाहिरात हाच उपाय, असें पुष्कळांस वाटतें. परंतु आधीं वाचक जोडणें हा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

अमेरिकेंतील अँडी वीअर हे धंद्यानें संगणकाचे जाणकार. आधींची एक कादंबरी छापून घेण्याचे त्यांचे प्रयत्न फसले होते. पुढें २००९ पासून त्यांनीं मंगळावर एकाकी राहिलेल्या अंतराळवीराची कथा आपल्या संकेतस्थळावर प्रकरणशः व विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. शास्त्रज्ञ वाचकांनीं चुका दाखविल्या. लेखकानें त्या सुधारल्या. वाचकांच्याच आग्रहावरून २०११ मध्यें ‘द मार्शियन’ ई-पुस्तकरूपानें अवघ्या ९९ सेंटांस विक्रीस आली, २०१४ मध्यें क्राउन या संस्थेनें ती छापली आणि २०१५ मध्यें तिजवर चित्रपट निघाला.

महाराष्ट्रास ही रीत सर्वस्वी नवी नाहीं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० मध्यें ‘करमणूक’ पत्र काढून आपल्या कादंबऱ्या क्रमशः वाचकांपुढें ठेविल्या होत्या. साधन बदललें, तत्त्व तेंच राहिलें. मात्र वाचकाचें उत्तर आतां घटकाभरांत येऊन पोंचतें.

म्हणून ब्लॉग लिहिणाऱ्या ग्रंथकारानें ‘माझें पुस्तक घ्या’ असा नुसता घोष करूं नये. ठरल्या दिवशीं कांहीं वाचनीय द्यावें, अभिप्रायास उत्तर द्यावें, चूक दाखविणाऱ्याचे आभार मानावे. वीअर यांचें यश प्रत्येकास लाभेल असें नाहीं. पण ज्यानें वाचकाचा विश्वास मिळविला, त्याचा ग्रंथ वाचकावांचून राहण्याचें भय पुष्कळच कमी होतें.