संगणकाची वैशाखपरीक्षा

बैलाची परीक्षा कोणी गोठ्यांत करीत नाहीं. कापसानें भरलेल्या गाडीला जुंपून चढावर करतात. संगणकाची परीक्षा मात्र आपण बहुधा करीतच नाहीं. पत्र टंकलें, चित्र उमटलें, कीं यंत्र उत्तम, असा निर्वाळा देऊन मोकळे होतों. यवतमाळ जिल्ह्यांत ही उपेक्षा विशेष महाग पडते. कारण येथें मे महिन्यांत छायेंतला पाराही ४४ अंशांपर्यंत चढतो.

प्रोसेसरमध्यें जी वीज खर्च होते, तिची जवळजवळ सर्व उष्णताच होते. ती उष्णता धातूच्या पात्यांवाटे खोलींतील हवेंत जाते. पंखा हवा थंड करीत नाहीं, फक्त हलवितो. म्हणून काम तेंच व पंखा तोच असतां प्रोसेसर खोलीपेक्षां किती अंश अधिक तापेल, हें साधारणतः ठरलेलें असतें. डिसेंबरांत खोली २० अंश व प्रोसेसर ७० अंश असेल, तर ४४ अंशांच्या खोलींत तोच ९४ च्या घरांत जाईल. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती येतांच प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर यंत्र बंद पडतें.

हा झाला दिसणारा दोष. न दिसणारा याहून घातक. मेमरी सदोष असली, वा भाराखालीं वीजपुरवठा डळमळला, तर यंत्र चालूच राहून चुकीचा आंकडा लिहूं शकतें. दुकानाच्या हिशेबांत वा विद्यार्थ्याच्या प्रबंधांत तो शिरला, तर कित्येकदां कळतही नाहीं.

यावर उपाय असा, कीं ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असें अवघड गणित यंत्राला द्यावें. मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठीं जॉर्ज वोल्टमन यांनीं १९९६ सालीं जो उपक्रम आरंभिला, त्यांतील ‘प्राइम९५’ हा प्रोग्राम हेंच करतो. तो प्रचंड गुणाकार अखंड करवितो आणि उत्तर ताडून पाहतो. २०१६ सालीं इंटेलच्या नव्या प्रोसेसरांतील एक दोष याच प्रोग्रामनें उघडकीस आला. मेमरीसाठीं ‘मेमटेस्ट८६’ वापरतात.

आधीं महत्त्वाच्या कागदांची नक्कल अन्यत्र ठेवावी. मग दुपारीं, खोली नित्याप्रमाणें ठेवून, परीक्षा सुरू करावी व तापमानाकडे लक्ष ठेवावें. तें मर्यादेला भिडूं लागलें तर थांबावें. पहिला तास निर्विघ्न गेला, तर पुढें कांहीं तास चालूं द्यावी. तापमान चढून दोष दिसला, तर पात्यांतील धूळ व कापसाचे तंतू, पंखा आणि सुकलेला लेप तपासावा. तापमान बेताचें असूनही उत्तर चुकलें, तर मेमरी व वीजपुरवठा पाहावा. आपल्याकडील कोरड्या हवेंत पाण्याचा कूलर खोली चांगली थंड करतो. मात्र त्याचे तुषार यंत्रावर येऊं देऊं नयेत.

आपल्या वर्षाचा हिशेब यंत्राच्या स्वाधीन करण्यापूर्वीं त्याची एक कडक दुपार घ्यावी, एवढीच विनंती.