मणी गुंफण्याचा जोडधंदा : तार व अवजारांची निवड

रब्बीची खळी आटोपल्यापासून मृगाच्या पेरणीपर्यंत कोरडवाहू भागातील अनेक शेतकरी स्त्रियांच्या हाताला पुरेसे काम नसते. या काळात तारेत मणी गुंफून नथ, डूल, बांगड्या इत्यादी दागिने घरबसल्या करता येतात. त्यास जागा थोडी लागते व भांडवलही बेताचे पुरते. परंतु पहिलाच माल परत आला, तर पैसा व श्रम दोन्ही वाया जातात. बचत गटाने उचललेले कर्ज मात्र फेडावेच लागते. मणी निखळणे, तार मोडणे व टोके टोचणे हे या मालातील मुख्य दोष होत. तार व अवजारे पारखून घेतल्यास ते बहुतांशी टळतात.

तार : तारेची जाडी गेजमध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. ब्रिटिश प्रमाणाप्रमाणे २० गेजची तार ०.९१ मि.मी., २२ गेजची ०.७१ मि.मी. व २८ गेजची ०.३८ मि.मी. जाड असते. अमेरिकी प्रमाण निराळे असल्याने खरेदी करताना मिलिमीटर विचारावेत. नथीचा आकार टिकविण्यास २० गेजची, तर मणी बांधण्यास २८ गेजची पितळी तार सोयीची पडते. मण्याचे भोक १ मि.मी. असेल, तर २८ गेजची तार त्यातून दोनदा ओवता येते व मणी घट्ट बसतो. एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकविल्यास ती कडक होऊन मोडते. म्हणून वळण एकदाच, विचारपूर्वक द्यावे. नाकाकानात जाणाऱ्या भागास निकेलयुक्त तार वापरू नये; काहींच्या त्वचेस तिने खाज सुटते व पुरळ उठते.

अवजारे : गोल चोचीची पक्कड, चपटी पक्कड, तार कापण्याची पक्कड व बारीक कानस एवढी अवजारे आरंभी पुरेत. गोल चोचीने फासा वळतो, चपटीने तो मिटतो. पकडीच्या जबड्यास आतून दाते नसावेत. दात्यांनी तारेवर ओरखडे पडतात व मुलामा निघतो. कुंपणाची तार तोडणारी घरची पक्कड या कामी घेऊ नये. तसेच दागिन्यांच्या पकडीने पोलादी तार कापू नये, तिची धार जाते.

पारख : नग तयार झाल्यावर त्यावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. तंतू अडकल्यास ते टोक कानशीने घासून आत दाबावे. फाशात फट राहिली असल्यास तीही मिटवावी. जो नग बोळ्यास अडकतो, तो गिऱ्हाइकाच्या पदरासही अडकतो.

साठवण व हिशेब : गौरी-गणपतीच्या सुमारास दागिन्यांस मागणी येते, त्याच वेळी शेतात खुरपणीची घाई असते. यास्तव माल उन्हाळ्यातच करून ठेवावा. पावसाळी दमट हवेत पितळ काळवंडते. म्हणून प्रत्येक नग कोरड्या पिशवीत बंद करावा. घाऊक खरेदीपूर्वी पाच नग करून पाहावेत. त्यांस लागलेली तार, फुटलेले मणी व गेलेला वेळ वहीत टिपावा. किंमत ठरविताना स्वतःची मजुरी धरण्यास विसरू नये. तीच सोडली, तर धंदा चालतो असे दिसते. पण घरात काहीच येत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटास कर्जाची वाट दाखविण्यापूर्वी हे पाच नग समोर करवून घ्यावेत, हे उत्तम.