श्वसनमार्गाच्या अस्तरातील आयनवहन : कॅल्शियम आणि प्रोस्टाग्लँडिन यांचे कार्य

प्रस्तावना :
श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीचा द्रवाचा थर असतो. या थरात पक्ष्माभिकांची हालचाल होते आणि धूळ व जंतू अडकलेला श्लेष्मा घशाकडे ढकलला जातो. हा थर आटल्यास श्लेष्मा साचून जंतुसंसर्ग होतो. अस्तरातील पेशी आयनांचे वहन करतात व पाणी परासरणाने त्यांच्यामागे जाते. सोडियमच्या शोषणाने थर कमी होतो, तर क्लोराइडच्या स्रवणाने वाढतो. या स्रवणाचे नियमन करणाऱ्या दोन संदेशांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कॅल्शियमचा मार्ग :
पेशीबाहेरील एटीपी ग्राहीशी जोडला गेला की आंतर्द्रव्यजालिकेतील कॅल्शियम पेशीद्रवात येते. त्यामुळे श्वासनलिकेच्या पोकळीकडील क्लोराइड मार्ग उघडतो. या मार्गाचे प्रथिन तीन संशोधकगटांनी २००८ मध्ये स्वतंत्रपणे ओळखले. त्याच वेळी पेशीच्या तळाकडील पोटॅशियम मार्गही उघडतो. पोटॅशियम बाहेर गेल्याने पेशीचा अंतर्भाग अधिक ऋणभारित होतो व क्लोराइडला बाहेर पडण्यास बळ मिळते. हा प्रतिसाद काही सेकंदांत येतो, परंतु लवकरच ओसरतो.

प्रोस्टाग्लँडिनचा मार्ग :
ॲराकिडोनिक आम्लापासून तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ आपल्या ग्राहीमार्फत पेशीतील चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढवते. परिणामी सीएफटीआर हा दुसरा क्लोराइड मार्ग उघडतो. हा प्रतिसाद तुलनेने संथ, पण टिकाऊ असतो.

परस्परसंबंध :
हे दोन्ही मार्ग एकमेकांपासून अलिप्त नाहीत. कॅल्शियम वाढले की फॉस्फोलायपेज हे विकर ॲराकिडोनिक आम्ल मुक्त करते आणि पेशी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन बनवू लागते. म्हणूनच केवळ कॅल्शियमचा परिणाम मोजावयाचा असल्यास इंडोमेथॅसिनने प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती आधी रोखावी लागते. अन्यथा एकाचे कार्य दुसऱ्याच्या नावे जमा होते. हे मोजमाप डॅनिश शास्त्रज्ञ हान्स उसिंग यांनी बेडकाच्या त्वचेवरील प्रयोगांसाठी विकसित केलेल्या कक्षात करतात. त्यात अस्तराच्या दोन बाजूंमधील विभवांतर शून्य राखण्यास लागणारा विद्युतप्रवाह निव्वळ आयनवहन दर्शवितो.

उपयोजन :
सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात सीएफटीआर सदोष असतो. प्रोस्टाग्लँडिनचा संदेश पोहोचतो, परंतु मार्ग उघडत नाही. म्हणून कॅल्शियमच्या मार्गावर भिस्त ठेवून डेनुफोसॉल हे औषध विकसित करण्यात आले. २०११ मध्ये त्याची अंतिम टप्प्यातील चाचणी अपयशी ठरली. प्रतिसादाची क्षणिकता हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. पुढे २०१२ पासून सीएफटीआरचे कार्यच सुधारणारी औषधे मान्य झाली. तथापि ज्या रुग्णांच्या पेशींत हे प्रथिन तयारच होत नाही, त्यांना या औषधांचा लाभ होत नाही.

निष्कर्ष :
कॅल्शियम त्वरित व अल्पकाळ, तर प्रोस्टाग्लँडिन सावकाश व दीर्घकाळ कार्य करते आणि पहिले दुसऱ्यास चालना देते. सीएफटीआरविना जगणाऱ्या रुग्णांसाठी कॅल्शियमचा क्षणिक प्रतिसाद टिकाऊ कसा करावा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.