आजीचा राजा, नातीचा राजा

२०२३ च्या सप्टेंबरात आमच्या गल्लीतल्या काकूंचं ऑपरेशन ठरलं. टोरांटोची लेक येणार, ती आली की संभाजीनगरला अ‍ॅडमिट व्हायचं, असं सगळं पक्कं. लेकीला भाकरी आवडते म्हणून ज्वारीसुद्धा दळून आणलेली. आणि २१ तारखेला बातमी आली, कॅनडाच्या नागरिकांना भारताने व्हिसा देणं थांबवलं.

“अगं, पण ती आपलीच आहे ना? इथं पैठणातच जन्मली की!” काकू मला विचारत होत्या. काय सांगणार? त्याच उन्हाळ्यात लेकीने तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, भारताचा पासपोर्ट जमा करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड काढता येतं. तो अर्ज ‘करू की सावकाश’ म्हणत राहून गेला. कार्ड असणाऱ्यांना तेव्हाही येता येत होतं! निज्जर कोण, ट्रुडो संसदेत काय बोलले, भारताने तो आरोप का फेटाळला, यातलं काकूंना काही ठाऊक नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर मी बसले.

२६ ऑक्टोबरपासून व्हिसा थोडेथोडे सुरू झाले. लेक आली ती थेट नाथषष्ठीला. एका दुपारी तिने आपल्या शपथेचा व्हिडिओ आजीला मोबाईलवर दाखवला, आणि अर्थही सांगितला. राजे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी मी एकनिष्ठ राहीन, असं त्यात म्हणावं लागतं.

आजी पंच्याऐंशीच्या. म्हणाल्या, “म्हंजे तिकडं अजून राजाच हाय व्हय? आमचा तर कवाच गेला.”

आमचा म्हणजे निजाम. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तरी आपला मराठवाडा मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. आजींचे भाऊ शाळेत उर्दूतून शिकले. शेताचा जुना उर्दू कागद अजून त्यांच्या ट्रंकेत आहे, वाचायला घरात कुणी नाही.

मी बी. ए. ला इतिहास घेतला होता, पण कॅनडाचं मला काही माहीत नव्हतं. मग वाचलं. तिथल्या लोकांना ‘कॅनडाचे नागरिक’ ही स्वतंत्र ओळख मिळाली १ जानेवारी १९४७ ला. तोवर तेही ब्रिटिश प्रजाच. मेपलच्या पानाचा झेंडा १९६५ चा. राज्यघटना बदलायला लंडनची परवानगी लागायची, ती अट १९८२ मध्ये संपली. राजा मात्र ठेवला. २०२५ च्या मे महिन्यात चार्ल्स यांनी स्वतः ओटावाला जाऊन संसदेत भाषण केलं. आपण १९५० मध्ये प्रजासत्ताक झालो, तरी राष्ट्रकुलात राहिलो. म्हणून कॅनडातल्या आपल्या माणसाला राजदूत न म्हणता उच्चायुक्त म्हणतात.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाजातून ३७६ हिंदी माणसं व्हँकुव्हरला गेली, बहुतेक पंजाबी. एकाच राजाची प्रजा, पण बहुतेकांना उतरू दिलं नाही. दोन महिने बंदरात ठेवून परत पाठवलं. त्याची माफी कॅनडाने संसदेत मागितली ती २०१६ ला. तिथल्या मूळच्या आदिवासींची दीड लाख मुलं तर आईबापांपासून तोडून निवासी शाळांत घातली, आपली भाषा बोलली की शिक्षा. हे ऐकून आजी म्हणाल्या, “लेकराची बोली काढून घेत्यात व्हय कुनी?” आदिवासींच्या हक्कांची ओळ २०२१ पासून त्या शपथेत आली आहे. ती म्हणताना आवाज जरा कापला, असं लेक सांगत होती.

२०२४ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांनी एकमेकांचे सहा-सहा अधिकारी घालवले, तेव्हा काकूंनी पुन्हा धसका घेतला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवे उच्चायुक्त नेमले गेले. तोवर लेकीचं कार्ड झालं होतं. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली मात्र ठेवता येते. आजींनी एवढंच नीट विचारून घेतलं.

आमच्या गल्लीत आणखी दोघींची मुलं तिकडे आहेत. त्या भाजी घेताना भेटल्या की मी आधी विचारते, पोरांनी कार्ड काढलं का?