वनरक्षण आणि वनहक्क

किनवट व माहूर या डोंगराळ तालुक्यांत सागवानाची वने आहेत. त्यांच्या आश्रयाने गोंड, कोलाम, परधान व आंध हे आदिवासी पिढ्यान् पिढ्या नांदत आले आहेत. मोहाची फुले, तेंदूची पाने, डिंक व चारोळी यांवर त्यांची गुजराण होते. पैनगंगेचे अभयारण्यही याच भागात आहे. वन राखावयाचे तर माणसाला हलवावे लागेल, आणि माणसाला हक्क दिला तर वन नष्ट होईल, असा समज पुष्कळांच्या मनात असतो. तो कायद्याला मान्य नाही.

किनवटचा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. निजामाच्या राजवटीत तेथे राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या आणि पूर्वापार जमीन कसणारा गोंड अतिक्रमण करणारा ठरला. याच असंतोषातून कुमराम भीम यांचा लढा उभा राहिला. १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते मृत्यू पावले.

असा अन्याय देशात सर्वत्र घडला, हे २००६ च्या वनहक्क अधिनियमाच्या प्रस्तावनेतच मान्य केले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, कमाल चार हेक्टरपर्यंत, आदिवासी कुटुंबाचा हक्क या कायद्याने मान्य होतो. गावालाही वनावर सामूहिक हक्क मिळतो. मात्र त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने वन, वन्य प्राणी व पाणवठे यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेकडे दिला आहे. म्हणजे ज्याचा हक्क, त्याचीच राखण. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. तेथे बांबूची तोड ग्रामसभेच्या निर्णयाने होते.

येथे शिक्षकाचे साह्य मोलाचे ठरते. दाव्यासोबत किमान दोन पुरावे लागतात. कागद नसला तरी जुनी विहीर, दफनभूमी व देवस्थान हे पुरावे चालतात. तसेच दावेदाराखेरीज अन्य वृद्धाचे लेखी नोंदविलेले कथनही चालते. वनहक्क समितीने बोलाविल्यास शिक्षकाने ते कथन वृद्धाच्याच शब्दांत उतरून घ्यावे, पदरचे काही घालू नये. सांगणारा गोंडी वा कोलामी बोलत असल्यास गावातील दुभाष्या सोबत घ्यावा आणि लिहिलेले त्यास वाचून दाखवावे.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. जुनी शेते व जुन्या वाटा ज्यांना ठाऊक आहेत असे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्यामागे तो पुरावा उरणार नाही.