मी, जनसंपर्क अधिकारी

जनसंपर्क म्हणजे बातम्या छापून आणणं, अशी समजूत आमच्या नातेवाइकांपासून कंपन्यांच्या संचालकांपर्यंत सगळ्यांची असते. माझी उमेदीची सारी वर्षं या पेशात गेली, म्हणून ठामपणे सांगते: बातमी छापून आणणं हा त्यातला सोपा भाग. बाहेर लोक काय बोलताहेत ते आत जाऊन, साहेबांच्या तोंडावर, काही न वगळता सांगणं हे खरं काम. ते करणारी माणसं कमी आहेत आणि ते करू देणाऱ्या संस्था त्याहून कमी.

मी मूळची नाशिकची. वडील एसटीत वाहक. दिवसभर माणसांत वावरूनही त्यांचा आवाज कधी चढला नाही, आणि माझ्यातला धीर तिथूनच आला असं मी मानते. पत्रकारिता शिकले पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. व्हायचं होतं बातमीदार. पण नव्वदचं दशक संपत आलं होतं. १९९१च्या उदारीकरणानंतर आलेल्या नव्या कंपन्यांना मराठी पेपरांशी बोलणारी माणसं हवी होती, आणि मुंबईतल्या एका जनसंपर्क एजन्सीत मला नोकरी लागली.

त्या वेळची प्रेसनोट म्हणजे अंगमेहनत होती. मजकूर श्रीलिपीत टाइप करायचा, प्रिंट काढायची, फॅक्स लावायचा आणि मग प्रत्येक डेस्कला फोन करून 'पान नीट उमटलं का?' विचारायचं. ईमेल आली तेव्हा वेगळीच कटकट सुरू झाली. आमचा फॉन्ट समोरच्या संगणकात नसला की मजकुराच्या जागी नुसती चिन्हं दिसायची. युनिकोड रुळेपर्यंत फ्लॉपी घेऊन लोकलने कार्यालयं पालथी घालण्याला पर्याय नव्हता. त्या फेऱ्यांत उपसंपादकांच्या टेबलाशी बसून जे शिकले ते कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. साडेसातनंतर फोन करू नये. पहिल्या वाक्यात अध्यक्षांचं नाव नको, वाचकाच्या कामाची गोष्ट हवी. आकडा दोनदा तपासावा.

आमच्या पेशाचा इतिहास फार जुना नाही. १९०६मध्ये अमेरिकेत आयव्ही ली यांनी आपली तत्त्वं जाहीर केली: जे सांगायचं ते उघड आणि अचूक सांगू. त्याच वर्षी अटलांटिक सिटीला रेल्वेचा अपघात झाला, तेव्हा त्यांनी रेल्वे कंपनीला माहिती दडवू दिली नाही, उलट स्वतःहून पत्रकारांना दिली. पहिली प्रेसनोट म्हणून त्या निवेदनाचाच दाखला दिला जातो. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८मध्ये स्थापन झाली आणि २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन पाळला जातो. महाराष्ट्रात सरकारी बाजू माहिती व जनसंपर्क महासंचालनालय सांभाळतं. त्यांचं 'लोकराज्य' मासिक स्पर्धा परीक्षांच्या निमित्ताने खेड्यापाड्यांत पोचलेलं आहे. सरकारी जनसंपर्काला नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

माझी खरी शिकवणी झाली ती २००३च्या दिवाळीच्या तोंडावर. मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ते प्रकरण जाहीर केलं. त्या कंपनीशी माझा काही संबंध नव्हता, पण रोजची कात्रणं मी काढून ठेवत होते. सुरुवातीला कंपनीने बोट दाखवलं ते दुकानातल्या साठवणुकीकडे. तांत्रिकदृष्ट्या मुद्दा असेलही. पण मुलाच्या हातात चॉकलेट देणाऱ्या आईला दोष कुणाचा यात रस नव्हता; पुढचं पाकीट सुरक्षित आहे का, एवढाच तिचा प्रश्न होता. विक्री घसरली. पुढे कंपनीने दुकानदारांबरोबर साठवणुकीची मोहीम काढली, जानेवारी २००४मध्ये जास्त घट्ट बंद होणारं वेष्टन आणलं आणि त्यानंतर अमिताभ बच्चन जाहिरातीत आले. लोकांना बच्चन आठवतात. माझ्या मते विश्वास परत आणला तो वेष्टनाने. काही बदललेलंच नसेल, तर जनसंपर्क सांगणार काय?

नंतर मी एजन्सी सोडून पुण्यातल्या एका रुग्णालयात आले आणि तिथेच रमले. २०२०मध्ये करोनामुळे रुग्णांचे नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. वरून मागणी होती रोजच्या प्रेसनोटची, आणि फाटकाबाहेर उभ्या माणसांना हवं होतं ते वेगळंच: आईने सकाळी चहा घेतला का, तिचा चष्मा तिच्याजवळ आहे का. मी हट्टाने ठरावीक वेळेचा फोन सुरू करायला लावला. संध्याकाळी एक डॉक्टर, एक समाजसेविका आणि हातात यादी. बातमी वाईट असली तरी फोन जायचाच. फाटकावरची भांडणं त्या फोनमुळे कमी झाली. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो याच कामाचा, आणि त्याचं एकही कात्रण नाही.

कात्रणांचं मोजमाप हा आमच्याकडचा जुना रोग. छापून आलेली जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये मोजायची, जाहिरातीच्या दराने गुणायची आणि 'इतक्या लाखांची प्रसिद्धी' म्हणून अहवाल द्यायचा. जगभरच्या संवाद व्यावसायिकांनी २०१०मध्ये बार्सिलोनाला ही पद्धत नाकारली. आपल्याकडे ती अजून चालते, कारण आकडा मोठा दिसतो. दुसरीकडे माध्यमं पार बदलली. मुंबई पोलीस २०१५च्या डिसेंबरात ट्विटरवर आले आणि सरकारी खातंही नागरिकाशी चटकन, माणसासारखं बोलू शकतं हे दिसलं. अफवा आणि बनावट चित्रफिती आता मिनिटांत पसरतात, त्यामुळे 'उद्या सकाळी खुलासा देऊ' म्हणायची सोय उरलेली नाही.

स्वभावाने मी कमी बोलणारी आहे. पहाटे उठून जिल्ह्यांचे पेपर वाचते, वाचकांची पत्रं आधी आणि पहिलं पान नंतर. चुकीची जन्मतारीख किंवा चुकलेलं आडनाव मला रात्रभर टोचत राहतं. खोटं सांगायला नकार दिला म्हणून एक चांगली नोकरी सोडावी लागली, आणि तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

संस्था चालवणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. जनसंपर्काच्या माणसाला निर्णय झाल्यावर निरोप देऊ नका, निर्णयाच्या बैठकीला बसवा आणि त्याला 'लोकांना हे पटणार नाही' म्हणू द्या. आणि या पेशात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनो, पहिली उमेदवारी अकोला, सांगली, जळगाव अशा एखाद्या गावी करा. तिथे वाचक तुम्हाला रस्त्यात गाठून जाब विचारतो.